विहिरीचा शनिवार

मेयर झिराडकर विहिरीबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणायचा. त्याची बायको जेमायमा म्हणायची, माझ्याबद्दल बोलताना हा माणूस इतका हळू कधी बोलला नाही. तक्रार खरी होती. बेर-शाकेद नावाच्या त्या लहानशा गावात, जिथे वाळवंट सुरू होतं की संपतं यावर अजून कुणाचं एकमत नाही, मेयर तीसेक वर्षं पंपघर सांभाळत होता. गावाची एकुलती एक विहीर त्याच्या हवाली होती, आणि त्याने ती लेकीसारखी सांभाळली होती. खरी लेक अदी तेल अवीवला होती. तिला हा फोनवर मराठीत विहिरीची खबर द्यायचा आणि ती हिब्रूत विचारायची, "अब्बा, आणि आई कशी आहे?"

विहीर म्हणजे कोकणातल्यासारखी, काठावर बसून पाय सोडायची विहीर नव्हे. जमिनीत खोल उतरलेली लोखंडी नळी, तिच्या पोटात पंप, आणि पंपाने ओढलेलं पाणी टेकडीवरच्या टाकीत. पाणी डोळ्यांना दिसायचंच नाही. ते किती खोल आहे हे कळायला दर रविवारी सकाळी, पंप सुरू करायच्या आधी, मेयर नळीत एक लांब फीत सोडायचा. फितीचं टोक पाण्याला टेकलं की हातातल्या चक्रीतून बारीक शीळ वाजायची. मग तो फितीवरचा आकडा वाचायचा आणि फोनवरून कचेरीला कळवायचा. आठवड्याची सुरुवात या शिळेशिवाय झालेली त्याला आठवत नव्हती.

रविवारच का, तर शनिवारी पंप बंद असायचा म्हणून. विहीर विसावलेली असताना मोजायचं, असा कचेरीचा नियम होता, आणि मेयरची विहीर फक्त शब्बाथला, शनिवारच्या धार्मिक सुट्टीला, विसावायची. शुक्रवारी दिवे लागायच्या आधी तो टाकी काठोकाठ भरायचा, खटका पाडायचा, आणि रविवारपर्यंत पंपघराकडे फिरकायचा नाही. एकदा कचेरीतल्या साहेबाने सुचवलं होतं की टायमर लावून देतो, खटक्याला हातही लावावा लागणार नाही, आजूबाजूच्या सगळ्या विहिरी टायमरवर सातही दिवस चालतात, धर्माच्या आड काही येत नाही. मेयर म्हणाला होता, "साहेब, माझे वाडवडील अलिबागेजवळ झिराडला तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून सगळं गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आमचा बैलसुद्धा त्या दिवशी गोठ्यात बसून रवंथ करायचा. आणि हिला मी जुंपू?" साहेबाला घाणा कळला नाही आणि बैलही कळला नाही, पण या हिंदी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही एवढं कळलं. टायमर आला नाही.

त्यानंतर गाव वाढलं. नव्वदच्या सुमाराला रशियातून आलेल्या मंडळींसाठी टेकडीपलीकडे नव्या इमारती उठल्या. पूर्वी दिवसातले चार-पाच तास चालणारा पंप आता रविवार ते शुक्रवार घरघरतच असायचा. फीत मात्र रविवारीच उतरायची. यात काही गफलत होतेय हे मेयरच्या लक्षात आलं नाही, कचेरीच्याही आलं नाही. आकडा तर दर खेपेला चांगलाच यायचा.

मग नव्याण्णव साल उजाडलं आणि पावसाने सपशेल दगा दिला. देशभर पाण्याची ओरड सुरू झाली. त्याच हिवाळ्यात यरुशलेमच्या कचेरीतून दालिया आली. तिशीची, उन्हाने रापलेली, पायात लष्करातलेच जुने बूट. तिने पंपघराच्या भिंतीवर एक राखाडी डबा बसवला. डब्यातून निघालेली काळी वायर विहिरीत उतरली, तिच्या टोकाला बोटाएवढा धातूचा दांडा होता. तो पाण्यात बुडून राहायचा आणि पाणी जमिनीपासून किती खोल आहे ते दर पाव तासाने सांगायचा. डब्यावरच्या काचेत हिरवा आकडा दिसायचा, आणि तोच आकडा फोनच्या तारेतून दालियाच्या पडद्यावर पोचायचा.

"म्हणजे ती तिकडे बसून आपल्या विहिरीत बघणार?" जेमायमाने विचारलं.

"बघणार म्हणे."

"सवत होती ती कमी होती काय, आता तिची ननंद पण आली!"

डब्याचा पहिला तडाखा रूवेनला बसला. रूवेन मेयरचा जोडीदार, मोरोक्कोतून आलेला, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. आता दोन माणसांचं काम नाही, असं ठरलं आणि वसंतातल्या पेसाखच्या सणाला त्याला हार घालून निवृत्त करण्यात आलं. रूवेन काही रडला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो चौकातल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देऊ लागला. मेयरला मात्र पंपघर एकदम मोठं वाटायला लागलं. त्याने डब्याचं नाव 'जासूस' ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायची सवय लावून घेतली.

पेसाखनंतर दालिया पुन्हा आली, ती थेट घरी. जेमायमाने तिच्यापुढे अळूवड्या ठेवल्या. अळू पंपघराच्या पाटाशी वाढलेला, वाळवंटात तेवढीच हिरवी चैन. दालियाने चार वड्या संपवल्या, हात पुसले, आणि टेबलावर एक लांबलचक कागद पसरला. कागदावर रेघेचे डोंगर आणि दऱ्या होत्या.

"मेयर, हे शिखर बघ. हा शनिवार. तुझा रविवारचा आकडा इथला, आणि तो अगदी बरोबर आहे, डब्याशी तंतोतंत जुळतो." तिचं बोट उतारावरून घसरत खाली आलं. "पण हा बुधवार. हा गुरुवार. पाणी इतकं खाली जातं. हे आजवर कुणी मोजलेलंच नाही."

मेयरने कागदाकडे पाहिलं. मग दालियाकडे. "तुझा डबा खोटारडा आहे," तो म्हणाला, आणि फीत घेऊन उठला.

बुधवारच होता. चालत्या पंपाच्या घरघरीत त्याने फीत सोडली. नेहमीच्या आकड्याला शीळ वाजली नाही. फीत जात राहिली. मेयरला वाटलं चक्री बिघडली असावी. तो सोडत राहिला, आणि जेव्हा एकदाची शीळ वाजली तेव्हा त्याने आकडा वाचला, वर जासूसाकडे पाहिलं, पुन्हा फितीकडे पाहिलं. दोन्ही एकच बोलत होते.

आजाऱ्याला दर वेळी पोटभर झोपून उठल्यावरच तपासावं आणि तब्येत छान आहे म्हणून घरी कळवावं, तसं त्याने वर्षानुवर्षं केलं होतं. खोटं एकही अक्षर बोलला नव्हता. पण त्याच्या चांगल्या आकड्यांच्या भरवशावर टेकडीपलीकडे इमारती उठल्या होत्या आणि पंपाचे तास वाढले होते. मेयरने फीत चक्रीवर गुंडाळली.

"दालिया," तो म्हणाला, "मी मारली का हिला?"

ती दारात उभी होती. तिने उगाच धीर दिला नाही. "मला माहीत नाही, मेयर. आणि माहीत नसलेलं मी बोलत नाही."

मग तिने पुढचं सांगितलं. पाण्याच्या खालच्या थरात खारं पाणी आहे. पातळी एका हद्दीखाली गेली तर पंप ते खारं पाणी वर खेचेल आणि एकदा ते आलं की विहीर कायमची नासेल. त्यापेक्षा ती बंद करून, नळीत काँक्रीट ओतून, उत्तरेकडच्या मोठ्या जलवाहिनीवर गाव जोडावं असं कचेरीत बोललं जातंय. तिने खिशातून तांबडी चिकटपट्टी काढली, डब्याच्या बाजूला चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, बेचाळीस. बेचाळीस मीटरला पाणी टेकलं की विहीर बंद. निर्णयाची बैठक उन्हाळा सरल्यावर, सणांनंतर. या देशात सगळंच सणांनंतर होतं.

तो उन्हाळा मेयरने हिरव्या आकड्यापुढे काढला. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं, हे जेमायमाला शेवटपर्यंत पटलं नाही. वाढणाऱ्या आकड्याला माणूस घाबरतो कसा, असं ती म्हणायची. मेयर दुपारी जेवता जेवता उठून पंपघरात जाऊन यायचा. रविवारी आकडा जरा सुधारलेला असायचा, गुरुवारपर्यंत तांबड्या पट्टीच्या दिशेने पुन्हा सरकायचा. त्याने गावात दारोदार फिरून पाणी जपून वापरायला सांगितलं. माणसं मान डोलवायची आणि गाड्या धुवायची.

"अवो, तुमी जेवताव का त्या डब्याला नैवेद्य दाखवताव?" जेमायमा ताट पुढे सरकवत म्हणायची. पण तिलाही कळत होतं. काँक्रीट ओतलं जाईल त्या दिवशी हा माणूस कुठे उभा राहील आणि कसा उभा राहील, या विचाराने तिची झोप उडाली होती. तो तिच्याकडे काही बोलत नव्हता. एकदाच, हात धुता धुता म्हणाला, "माझ्या हातून झालं असंल, तर मी कुनाला तोंड दाखवू?"

नव्या वर्षाचा नव्याचा सण झाला आणि कीपूर आला. बेने इस्राएल, म्हणजे मेयरसारखे कोकणातले ज्यू, त्याला दरफाळणीचा सण म्हणतात. कोकणात त्या दिवशी त्यांची घरं आतून बंद असायची. पांढरे कपडे, उपास, ना कुणाला हाक ना कुणाला ओ. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारं उघडायची, घरोघरी भेटायला जायचं, गोरगरिबांना द्यायचं, आदल्या दिवसांचं उरलंसुरलं गोड खायचं. झिराडहून मुंबईला आणि मुंबईहून इथवर येताना बरंच काही वाटेत गळालं होतं. शिळा सण गळाला नव्हता.

त्या वर्षी कीपूर सोमवारी होता, म्हणून रविवारी अख्खं गाव आंघोळी उरकत होतं, कपडे धूत होतं, उपासाआधीचा स्वयंपाक रांधत होतं. पंप धापा टाकत होता. दुपारी जासूसाच्या काचेत एक्केचाळीस उमटला, आणि बिंदूच्या पुढचे आकडे चढायला लागले. टाकी अजून पुरती भरली नव्हती. ती न भरावी तर उद्या गाव कोरडं, भरावी तर विहीर जाणार. मेयर डब्यासमोर उभा राहिला आणि ज्याच्याकडे पाठ करून चहा प्यायला होता, त्याच्यावरच त्याने तळहात ठेवला.

"एलियाहू हन्नाबी," त्याने नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला हाक घातली, "हिला सांभाळ. इथंच, या अंगणात तुझा मलिदा घालीन."

टाकी भरली तेव्हा आकडा पट्टीवरच्या बेचाळीसच्या नखभर अलीकडे थांबला होता. मेयरने खटका पाडला, घरी जाऊन आधी ऊन आणि मग थंड पाण्याने आंघोळ केली, पांढरा सदरा चढवला आणि दार ओढून घेतलं.

सोमवार उपासात गेला. मंगळवारी सकाळी जेमायमाने करंज्यांचा डबा त्याच्या हातात दिला आणि दोघं भेटायला बाहेर पडली. मेयरचं अंग हलकं झालं होतं. एका घरी चहा, दुसऱ्या घरी शिळ्या पुऱ्या, तिसऱ्या घरी डिमोना शहराहून आलेल्या पाहुण्यांशी गप्पा. दुपार झाली तरी गप्पा आवरेनात.

इतक्यात दारात रूवेन आला. घामाघूम, एका हातात रिकामी बादली.

"मेयर! तिसऱ्या मजल्यावर पाणी नाही. माझी बायको साबण लावून बसली आहे. पंपावर कोण आहे?"

"तू," मेयर म्हणाला.

"मी?"

"आज शिळा सण. शिळ्या सणाला पंपावर तू असतोस. मिमुनाला मी असतो." आणि ते खरंच होतं. पेसाख संपल्यावर मोरोक्कोच्या लोकांचा मिमुना येतो, तेव्हा रूवेन गोडधोड खात फिरायचा आणि मेयर पंप चालवायचा. त्याची परतफेड रूवेन शिळ्या सणाला करायचा. इतकी वर्षं कधी तोंडाने सांगावंही लागलं नव्हतं.

रूवेनने बादली खाली ठेवली. "अरे गाढवा, मला निवृत्त करून पाच महिने झाले!"

मेयरच्या हातातली पुरी तशीच राहिली. पुढचं जेमायमाने नंतर कित्येकांना रंगवून सांगितलं. पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा पुढे, बादलीवाला म्हातारा मागे, दोघं एकमेकांना शिव्या घालत टेकडीच्या रस्त्याने पळत होते. मेयरच्या डोक्यात मात्र एकच होतं. विहीर तर जाणारच, आता अब्रूही गेली. वेळेवर पंप चालू करायचं साधं काम, तेही आपल्याकडून झालं नाही.

त्याने पंपघराचं दार ढकललं. खटक्याकडे हात नेला आणि थांबला.

काचेतला आकडा सव्वीस होता.

या डब्यावर त्याने एवढा लहान आकडा कधी पाहिला नव्हता. रविवारच्या सकाळीही नाही. "बिघडला," रूवेन म्हणाला. मेयरने फीत सोडली. शीळ सव्वीसलाच वाजली. त्याने ती वर ओढली, पुन्हा सोडली. पुन्हा सव्वीस. मग तो जमिनीवर बसला आणि त्याला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. रूवेनने पंप सुरू केला, कारण बायको साबणात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालियाची गाडी अंगणात थांबली. तिला पडद्यावर रेघ सरळ वर चढताना दिसली होती आणि यंत्र नादुरुस्त झालं असावं म्हणून ती दुरुस्तीचं सामान घेऊन आली होती. मेयरने मान खाली घालून सगळं सांगितलं. शिळा सण, मिमुना, रूवेन, पुऱ्या. दालिया ऐकता ऐकता ओटीवर बसली.

"थांब. म्हणजे शनिवारी बंद, रविवारी चालू, मग सोमवारी बंद आणि मंगळवारी दुपारपर्यंत बंद?"

"माझी चूक आहे. कागदावर लिही."

"लिहिणारच आहे," दालिया म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "मेयर, पंप बंद ठेवून बघण्याची परवानगी मी कचेरीकडे उन्हाळाभर मागत होते. गाव तहानेल म्हणून कुणी देईना. ती मेलेली नाही रे. ती फक्त दमली आहे. विसावा मिळाला की भरते, आणि इतक्या लवकर भरते हे आता मी दाखवू शकते."

बैठक सणांनंतर झाली. दालिया तो लांब कागद घेऊन गेली होती. मेयर बाहेर बाकावर, शेजारी रूवेन, दोघांच्या हातात हात असल्याचं दोघांनाही ठाऊक नव्हतं. ठरलं ते असं की काँक्रीट ओतायचं नाही. पंपाचे तास कमी करायचे, आणि दर मंगळवारी पंप पूर्ण बंद ठेवून गावाला जलवाहिनीचं पाणी द्यायचं. रूवेनने जाहीर केलं की मंगळवार मुळातच शुभ वार, सृष्टी घडवताना देव त्या दिवशी दोनदा 'चांगलं आहे' म्हणाला होता. त्याला वाटत होतं की श्रेयाचा मोठा वाटा त्याच्या बादलीचा आहे. जेमायमाने तो त्याला देऊन टाकला.

नवस फेडायचा दिवसही मग मंगळवारच ठरला. डिमोनाच्या दुकानातून पोहे आणले, गूळ आणला, ओलं खोबरं किसलं, वेलची घातली. मोठ्या ताटात मलिद्याचा डोंगर, भोवती खजूर, केळी, डाळिंबं, पेरू, सफरचंदं, वर गुलाबाचं फूल. पंपघराच्या अंगणात, अळूच्या पाटाशी, पांढऱ्या चादरी अंथरल्या. पंप बंद असल्यामुळे इतकी शांतता होती की टेकडीवरच्या रस्त्याची मोटारसुद्धा ऐकू येत होती. मंडळींनी एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं, फळांवर आशीर्वाद म्हटले. मेयरने पहिली मूठ रूवेनला दिली, मग दालियाला. ती चवीने खात होती आणि हे काय, ते काय असं जेमायमाला विचारत होती.

लोक पांगायला लागले तेव्हा मेयर तिच्याजवळ येऊन बसला. उन्हाळाभर मनात ठेवलेला प्रश्न त्याने पुन्हा विचारला.

"आता तुला माहीत आहे. सांग. माझ्या आकड्यांनी घात केला का हिचा?"

दालियाने हातातलं मलिद्याचं पान खाली ठेवलं. "तुझ्या रविवारच्या आकड्यांनी आम्हाला फसवलं, हे खरं आहे. तुलाही आणि कचेरीलाही. ते मी लिहिलं आहे." मेयरने मान हलवली. "पण आणखी एक लिहिलं आहे. याच थरावर आजूबाजूला आणखी विहिरी होत्या. सातही दिवस चालणाऱ्या, टायमरवाल्या. डबे बसवायला मी सगळीकडे फिरले. एकीतही बसवता आला नाही, कारण सगळ्या खारट होऊन बंद झाल्या आहेत. ही एकच गोड्या पाण्याची उरली आहे, मेयर. दर शनिवारी कुणीतरी हिला थांबू दिलं म्हणून."

 मेयरच्या डोळ्यांपुढे झिराडचा गोठा आला. त्याने तो स्वतः कधी पाहिला नव्हता, आजोबांकडून ऐकलेला. शनिवारची दुपार, थांबलेला घाणा आणि सावलीत बसून रवंथ करणारा बैल. त्या बैलाचे, आजोबांचे, या समोर बसलेल्या पोरीचे, बादलीवाल्या रूवेनचे, सगळ्यांचे उपकार एकदमच त्याच्या छातीत दाटले.

तो उठला. ताटात उरलेला मलिदा मुठीत घेऊन पंपघरात गेला आणि अळूचं पान पसरून जासूसाच्या डोक्यावर ठेवला. काचेत हिरवा आकडा होता. मेयर बघत असतानाच तो एका अंकाने कमी झाला.

"अवो," दारातून जेमायमा म्हणाली, "त्याला खायला तोंड हाय का?"

"नाय," मेयर म्हणाला. "पन त्याचा वाटा हाय."